पाहुणीची चावी

मला शिट्टी फार चांगली वाजवता येते. तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, त्यात पीटीचा तास कायम माझ्याच गळ्यात. तोंडात शिट्टी आली की माझी पाठ आपोआप ताठ होते आणि समोरचा माणूस, मग तो गावचा सरपंच का असेना, मला चौथीतला वाटायला लागतो. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्याला ही सवय कारण आहे असं म्हणायचा मोह मला होणार आहे. सवय कारण नव्हती. मीच होते.

माझी शाळा बदलापूरजवळ, जांभूळकडच्या एका गावात होती. हागणदारीमुक्तीची मोहीम जोरात होती तेव्हाची गोष्ट. गावोगाव गुड मॉर्निंग पथकं निघाली होती. ग्रामसेवक, अंगणवाडीची ताई, पंचायतीतले एक-दोन जण आणि आम्ही शिक्षक. पहाटे पाचला ओढ्याच्या वाटेवर जाऊन उभं राहायचं. कोणी टमरेल घेऊन येताना दिसलं की शिट्टी मारायची, मोठ्याने ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचं आणि हातात गुलाबाचं फूल द्यायचं. बाकीचे हसायचे, कोणीतरी फोटो काढायचं. दुपारी त्यांची नावं पंचायतीच्या फळ्यावर लागायची. फळा लिहायचं काम माझ्याकडे, कारण माझं अक्षर चांगलं.

एकदा एका बाईने फूल घेतलंच नाही. पदराखाली टमरेल झाकून तशीच उभी राहिली. म्हणाली, “बाई, फूल नको मना. आमी जावाचा कुठं, त्ये सांगा.” मी म्हटलं, “घरी बांधून घ्या की. सरकार मदत देतंय.” ती वळून गेली. मी तिचंही नाव लिहिलं. पुढे गाव हागणदारीमुक्त झालं, मला प्रमाणपत्र मिळालं. ते फ्रेम करून आमच्या हॉलमध्ये लावलं आहे.

निवृत्तीनंतर आम्ही बदलापूरला, शिरगावात फ्लॅट घेतला. दोन माणसं आणि दोन संडास, एक देशी, एक कमोडचा. माणूस रिकामा बसला की सोसायटीत त्याला सेक्रेटरी करतात, तशी मी झाले. गच्चीची, पंपाची, मीटररूमची अशा सगळ्या चाव्या आमच्या दाराशेजारच्या लाकडी पट्टीवर आल्या. त्यात तळमजल्यावरच्या एका बंद दाराची चावी होती. बिल्डरने तिथे वॉचमनसाठी संडास काढला होता, पण वास येईल अशी पहिल्या मजल्याची आधीच तक्रार आली. मग त्याला कुलूप घातलं आणि आत गणपतीच्या मखराचं सामान ठेवलं. तो ठराव मीच लिहिला होता. तोही सुवाच्य अक्षरात.

अशात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. ती एका संस्थेत काम करते. नेपाळच्या डोंगरात एका लहानशा गावात घरोघरी संडास बांधायचा प्रकल्प चालू होता. तीन आठवडे राहून मदत करतील अशी अनुभवी माणसं त्यांना हवी होती. “बाई, तुमच्यासारखं कोणी मिळणार नाही,” ती म्हणाली. मला असं कोणी म्हटलं की मी कुठेही जाते. आमचे हे म्हणाले, “लोक परदेशात बर्फ बघायला जातात, तू संडास बघायला चाललीस.” पण मी सोसायटीच्या ग्रुपवर पासपोर्टचा फोटो टाकून मोकळी झाले होते.

गाव छान होतं. उतारावर पायऱ्या-पायऱ्यांची शेतं, घरांच्या मागे मका, मध्ये एक बाजाराचा रस्ता आणि पिंपळाखाली दगडी पार. माझी राहायची सोय ज्या घरी केली होती त्या घरचा माणूस मला बघून धावतच पुढे आला. “आओ बाई, आओ! विठ्ठलवाडी कैसी है?” मी चाटच पडले. मी बदलापूरची हे त्याला संस्थेकडून कळलं होतं, आणि तो अकरा वर्षं आमच्याच लाइनवर, उल्हासनगरजवळच्या विठ्ठलवाडीला, डेपोच्या मागे एका बिल्डिंगचा वॉचमन होता. उल्हासनगरच्या सिंधी दुकानदारांचं ऐकून ऐकून त्याच्या बोलण्यात मध्येच ‘साईं’ यायचं. घरात तो, त्याची बायको आणि त्याची म्हातारी आई. तिला सगळं गाव आमा, म्हणजे आई, म्हणायचं, म्हणून मीही म्हणायला लागले. ती मला नानी म्हणायची. त्यांच्याकडे लेकीबाळींना नानी म्हणतात. साठीच्या बाईला कोणी लेक म्हटलं की बरं वाटतं.

घरामागे प्रकल्पातून नवा बांधलेला संडास होता. निळं पत्र्याचं दार आणि घराच्या चौकटीवर ‘स्वच्छ घर’ म्हणून संस्थेने दिलेली पितळी पाटी. त्या पाटीवर घरचे फार खूष होते. आमा रोज ती पदराने पुसायची. मी पोचले त्या संध्याकाळी घरमालकाने एक कोरं कुलूप आणलं, निळ्या दाराला लावलं आणि लाल दोऱ्यात ओवलेली चावी माझ्या हातात दिली. “ये आपका, बाई. उधर कोई नहीं जाएगा. आराम से.”

मी चावी पर्सच्या साखळीला बांधली. मनात म्हटलं, किती समजूतदार माणसं आहेत. सकाळी उठून बघावं तर संडासातला पाण्याचा ड्रम भरलेला, भांडं घासलेलं, कोपऱ्यात साबणाची नवी वडी. हे सगळं आमा करायची. तीन आठवड्यांत मी एकदाही विचारलं नाही, की मग तुमचं काय? घरच्यांचा दुसरा कुठे असेल असं मला वाटलं, असं मी नंतर स्वतःला सांगत होते. खोटं आहे ते. मला काही वाटलंच नव्हतं.

दिवस कामात जायचे. दोन खड्ड्यांच्या संडासाचे खड्डे आखायचे, विटा वाहायच्या, भिंतींवर चित्रं रंगवायची, शाळेत जाऊन हात धुवायची गाणी शिकवायची. गावातली एक तिशीची मुलगी हे सगळं सांभाळायची. ती आमची मुख्य कार्यकर्ती. हिंदी चांगली बोलायची आणि मला दिदी म्हणायची. पुढच्या महिन्यात गाव स्वच्छ म्हणून जाहीर व्हायचं होतं आणि ती काळजीत होती. घरोघर संडास झाले तरी अजून काही जण पहाटे खालच्या मक्याच्या शेतात जात होते. कोण जातं ते कळत नव्हतं.

मला तर काय, संधीच मिळाली. मी गुड मॉर्निंग पथकाची सगळी हकीकत रंगवून सांगितली. शिट्टी, फूल, फळा. वरून माझ्या मनाचा एक नियम घातला, की ज्या घरचं माणूस सापडेल त्या घराची पितळी पाटी महिनाभर काढून घ्यायची, मग ते घर कोणाचंही असो. ती म्हणाली, “दिदी, यहाँ लोग बुरा मान जाएँगे.”

“बुरा लगना ही चाहिए,” मी म्हटलं. “बुरा लगे बिना कोई नहीं सुधरता.”

हे वाक्य माझं आहे. कुठे वाचलेलं नाही, कोणी शिकवलेलं नाही. तिथल्या बायकांनी माना डोलावल्या, कारण मी पाहुणी होते आणि वयाने मोठी होते. संध्याकाळी घरी येऊन मी घरमालकाला शिट्टी दाखवली. त्याने ती हातात घेऊन उलटसुलट केली. “अपने उधर भी आते थे ये शिट्टीवाले,” तो म्हणाला आणि विळा घेऊन गवत कापायला गेला. मला वाटलं, त्याला उल्हासनगरची आठवण झाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही सात-आठ बायका खालच्या शेताशी जाऊन उभ्या राहिलो. गुलाब मिळाले नव्हते, म्हणून टोपलीत झेंडू होता. धुकं इतकं की शेजारचीचं तोंड दिसत नव्हतं. अर्ध्या तासात चार जण सापडले. तीन पुरुष आणि वरच्या आळीतली एक सून. शिट्टी वाजली की आधी बायका बिचकायच्या, मग त्यांना गंमत वाटायला लागली. पुरुष फूल घेऊन ओशाळं हसले. सुनेने तोंडावर ओढणी घेतली आणि पळाली. मी रंगात आले होते. तेवढ्यात मक्यात पुन्हा काही हललं.

मी पुढे झाले, जोरात शिट्टी फुंकली, टॉर्च मारला आणि ‘गुड मॉर्निंग’ म्हणून फूल पुढे केलं.

आमा होती.

गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू उठत होती. एका हातात पितळी लोटा. टॉर्चच्या उजेडात तिला आधी काहीच दिसलं नसावं. मग तिने मला ओळखलं आणि तिचा चेहरा काळजीने भरला. माझ्या हातातल्या फुलाकडे तिचं लक्षच नव्हतं. तिने विचारलं, “पानी सकियो, नानी?”

मला एवढी नेपाळी येत होती. आतलं पाणी संपलं का, असं ती विचारत होती. मी शेतात आले ती माझी अडचण झाली म्हणून, असं तिला वाटलं. ड्रम भरायचा आपणच विसरलो की काय, या काळजीत तिने हातातला लोटा माझ्यापुढे केला. त्यात अजून थोडं पाणी होतं. घे, आधी तू जाऊन ये, अशी तिने शेताकडे मान केली.

मागे बायकांचं हसणं थांबलं होतं. मी वळून बघितलं तर एकही बाई माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या खांद्याला पर्स होती आणि पर्सला लाल दोऱ्याची चावी. टॉर्च अजून आमाच्या अंगावर होता, तो बंद करायचंही मला सुचलं नाही. कार्यकर्तीने माझ्या हातातून तो घेतला आणि बंद केला. आमा पायवाटेने घरी गेली. मी लोटा घेतला नाही, फूल दिलं नाही, एक शब्द बोलले नाही.

इथे जरी मी थांबले असते तरी चाललं असतं. नकळत झालं, माफ करा, असं म्हणता आलं असतं.

दुपारी पाराशी सभा होती. शाळेतून फळा आणला होता. सगळं गाव जमलं. मीच ठरवून दिल्याप्रमाणे एकेक नाव घ्यायचं, त्या माणसाने उभं राहायचं आणि मी फळ्यावर लिहायचं. चार नावं झाली. कार्यकर्ती माझ्याकडे बघत राहिली. “और कोई, दिदी?” तिने विचारलं. पुन्हा एकदा विचारलं. आता कळतं, की ती मला वेळ देत होती.

मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की आमा शेतात गेली कारण चावी माझ्याकडे होती. एका दमात सांगून झालं असतं. पण ज्या गावाला मी आदल्या दिवशी वाईट वाटून घ्यायला शिकवलं होतं, त्या गावासमोर हे म्हणायला माझी जीभ उचलेना. मी खडूकडे बघत राहिले. मनात हिशेब चालू होता, की सहा-सात बायकांनी बघितलंय, धुकं होतं, ओळखू आलं नाही म्हणता येईल का.

तेवढ्यात आमा आपण होऊन उभी राहिली. तिच्या सुनेने तिचा हात धरला होता, तो तिने सोडवला. ती जे बोलली ते कार्यकर्तीने मला हिंदीत सांगितलं, माझ्याकडे न बघता. मी म्हातारी आहे. जुनी सवय आहे. पाय आपोआप तिकडे गेले. चूक माझी आहे, घरच्यांची नाही. एवढं बोलून आमा माझ्याकडे बघून हसली. नापास होणाऱ्या पोराला मास्तरणीने गुपचूप उत्तर सांगावं तसं. पाहुणीची फजिती होऊ नये म्हणून तिने ते केलं, हे तिथल्या प्रत्येकाला दिसत होतं. मलाही दिसत होतं.

आणि मी तिचं नाव लिहिलं. नेपाळीची लिपी आपलीच, त्यामुळे काही अडलं नाही. वेलांटीसुद्धा सुरेख आली.

संध्याकाळी घरमालकाने स्क्रू ड्रायव्हरने चौकटीवरची पाटी काढली, फडक्यात गुंडाळली आणि ट्रंकेत ठेवली. मी चावी सोडून चुलीशेजारी ठेवली. आमाने ती उचलली, माझ्या पर्सच्या साखळीला परत बांधली आणि गाठ घट्ट आहे ना ते ओढून बघितलं. मी नको म्हणायला हवं होतं. तिथे राहायचे अजून चार दिवस होते. चारही दिवस मी तो संडास वापरला. रोज सकाळी ड्रम भरलेला असायचा.

निघायच्या दिवशी मी चावी आमाच्या हातावर ठेवून तिच्या पाया पडले. तिने आधी बसच्या रस्त्याकडे बघितलं, मग निळ्या दाराकडे, आणि खुणेनेच विचारलं, प्रवास लांबचा आहे, एकदा जाऊन येतेस का? मी मानेनेच नको म्हटलं आणि बॅग उचलली.

घरमालक मला बसपर्यंत सोडायला आला. वाटेत मीच विषय काढला. म्हटलं, तुम्ही मला एका शब्दाने का नाही सांगितलंत? तो हसला. “मेहमान को क्या बोलेगा, बाई.” थोडं पुढे गेल्यावर तो विठ्ठलवाडीचं सांगायला लागला. बिल्डिंगमध्ये प्रत्येक घरात संडास होता, खाली नव्हता. अकरा वर्षं तो नाल्याच्या काठाला जायचा. एकदा पहाटे शिट्टीवाले आले, त्याला फूल दिलं, फोटो काढला. “फोटो में मैं हँसा था,” तो म्हणाला. “सब हँस रहे थे तो मैं भी हँसा. क्या करेगा, साईं.” त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला जरा सोपं गेलं असतं. “पर लोग अच्छे थे वहाँ के,” तो म्हणाला. “दिवाली में फराळ देते थे. बाई लोग चाय देती थी.” मग बस आली आणि त्याने माझी बॅग वर चढवली.

घरी आल्यावर आठ दिवसांनी मी कार्यकर्तीला फोन केला. चावीची हकीकत एका दमात सांगून टाकली. म्हटलं, सभा घे, सगळ्यांना सांग, आमाचं नाव पूस. ती म्हणाली, “दिदी, सबको मालूम था. जिस दिन आपको चाबी दी, उसी दिन से.” नाव तिने दुसऱ्याच दिवशी पुसलं होतं. पाटी मात्र आमा लावू देत नव्हती. महिन्याचा नियम आहे तर महिना होऊ दे, म्हणत होती. “हम लोग बस सोच रहे थे, आप बोलेंगी,” ती म्हणाली. मी फोन ठेवला. यांनी दोनदा विचारलं काय झालं, तर म्हटलं काही नाही.

त्याच आठवड्यात रविवारी सकाळी सोसायटीने पार्किंगमध्ये माझा सत्कार ठेवला. परदेशात जाऊन सेवा केल्याबद्दल. खुर्च्या मांडल्या, माईक आणला, शाल, श्रीफळ आणि चकचकीत कागदात गुंडाळलेला एक गुलाब. या वेळी तरी सगळं खरं सांगायचं असं मी जिन्यात ठरवलं होतं. माईक हातात आला आणि मी गुड मॉर्निंग पथक नेपाळमध्ये कसं नेलं ते सांगितलं. शिट्टीची नक्कल केली. लोक पोट धरून हसले. आमाचा उल्लेख झाला नाही. टाळ्या मात्र भरपूर झाल्या.

सगळे वर गेले. आमचा वॉचमन खुर्च्या गोळा करत होता. पन्नाशीचा माणूस, चार वर्षं आमच्याकडे आहे. मी त्याच्याजवळ गेले आणि विचारलं, “भैया, तुम सुबह कहाँ जाते हो?”

मला वाटत होतं मी सहज विचारलं. पण तो हातातली खुर्ची खाली ठेवून सरळ उभा राहिला. “मैं बाहर नहीं जाता, मॅडम. कसम से. किसी ने कुछ बोला क्या?”

“नाही नाही, कोणी काही बोललं नाही. मग कुठे जाता?”

“स्टेशन पे. ड्यूटी के टाइम रोक लेता हूँ. पानी कम पीता हूँ.” मग घाईघाईने, “पक्का मॅडम, इधर गंदा नहीं करता.”

तो मला घाबरला होता. तोंडात शिट्टी नव्हती, तरी. मी खाली बघितलं तर माझ्या हातात गुलाब होता.

मी वर गेले. दाराशेजारच्या पट्टीवरून तळमजल्याची चावी काढली. हे पेपर वाचत होते, त्यांनी विचारलं, कुठे निघालीस. मी सांगितलं नाही. खाली येऊन कुलूप उघडलं. आत थर्माकोलचे खांब, लायटिंगच्या माळा, जुना गालिचा. मी आणि वॉचमनने मिळून सगळं बाहेर काढलं. आतलं भांडं पांढरं शुभ्र होतं, एकदाही न वापरलेलं. नळ सोडला तर आधी गंजाचं आणि मग स्वच्छ पाणी आलं. मी खराटा घेतला तसा तो म्हणाला, मॅडम, आप रहने दो. पण मी दिला नाही. वाकून घासत राहिले, कारण वर बघायचं नव्हतं.

तो दारात उभा होता. थोड्या वेळाने त्याने हळूच विचारलं, “मॅडम, कोई मेहमान आ रहा है क्या?”